मेंटेनन्स शून्य म्हणे!

"आई, या गाडीला मेंटेनन्स शून्य," असं माझ्या मुलाने सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं, याचा मला आजही राग येतो. मी काही अडाणी बाई नव्हे. मुलींच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं. लोखंड का गंजतं, घर्षण म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून लिहून बोटं झिजली. आणि पोटच्या पोराने म्हटलं की चाकं असलेल्या वस्तूला काही करावं लागत नाही, तर मी मान डोलावली! "यात इंजिनच नाही ना आई, मग बिघडणार काय? ऑइल नाही, क्लच नाही. चार्जिंगला लाव आणि चालव." वा रे वा. टायर हवेत तरंगतात वाटतं? ब्रेक काय कागदाचे असतात?

पण गाडी हवी होती, हेही खरं. आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत चालायचे, हातात काठी. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की व्यायाम चुकवायचा नाही, चुकवला की पाय आखडलाच म्हणून समजा. व्यायामाचं केंद्र स्वारगेटला आणि आमची सोसायटी तळजाईच्या चढावर. रिक्षावाल्याला "वर" म्हटलं की तो आपल्याकडे असा बघतो, जणू आपण त्याची किडनी मागितली. एकदा एकाने अर्ध्या चढावर उतरवलं आणि म्हणाला, "काकू, इथून जवळच आहे." जवळच! ओढत्या पायाच्या माणसाला! त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलाला फोन केला आणि रडले. त्याने पंधरवड्यात इलेक्ट्रिक गाडी दारात आणून उभी केली. याबद्दल त्याला नावं ठेवणार नाही. नोकरी खराडीला, घर खराडीला, बायकोची नोकरी तिथेच, येणं होत नाही म्हणतो. खराडी पुण्यातच आहे, काही सातासमुद्रापार नाही, पण ते जाऊ दे.

गाडी त्याच्या नावावर, गाडीचं ॲप त्याच्या फोनवर, कंपनीकडे नोंदवलेला नंबर त्याचा. "तुझ्या डोक्याला कशाला ताप?" म्हणाला. मला तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं.

चालवायला मात्र मजा यायची, अगदी खोटं कशाला बोलू. जुनी पेट्रोलची गाडी, पुढे विकून टाकलेली, मी पन्नाशीत शिकले होते, ती चढावर गुरगुरायची, मागे यायची, माझ्या पाठीला घाम सुटायचा. ही निमूट वर चढायची. आणि उतारावर तर गंमतच. ॲक्सिलरेटरवरचा पाय नुसता उचलला की गाडी आपोआप हळू होते, आणि त्या हळू होण्यातून तयार झालेली वीज परत बॅटरीत जाते. मी शाळेत असते तर यावर अख्खा तास घेतला असता. आमच्या सोसायटीत इलेक्ट्रिकवाल्यांचं एक टोळकंच झालं होतं. बँकेतून निवृत्त झालेले, इन्शुरन्समधून निवृत्त झालेले, सगळे संध्याकाळी पार्किंगमध्ये उभे राहून एकच गप्पा मारणार. "मी आज घरापासून स्वारगेटपर्यंत ब्रेकला पाय लावला नाही." "मी परवा कात्रजपर्यंत नाही." ब्रेक लावणं म्हणजे आमच्यात कमीपणाचं झालं होतं. मीही त्यांच्यातलीच. मला वाटायचं, मी तर बुवा पटाईत झाले. वर्षभर, पावसाळा धरून, ब्रेकला मी जवळजवळ पायच लावला नाही.

आणि ह्यांचा पाय सुधारत होता. व्यायाम एकही चुकत नव्हता ना! एके दिवशी दुपारी मी चहा टाकत होते, तर हे हॉलमधून चालत गॅलरीपर्यंत गेले. काठी खुर्चीला टेकवलेली तशीच. गॅलरीचा कठडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, बघ." मी बघितलं आणि चहा उतू गेला. गेला तर गेला.

त्याच आठवड्यात आम्हाला पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जिंगचा पॉइंट मिळाला. तोपर्यंत सोसायटीत सामायिक पॉइंट होता, प्रत्येकाची पाळी ठरलेली, पाळी संपली की पुढचा शेजारी येऊन खोकत उभा राहणार. बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही. मुलाला फोन केला तर म्हणाला, "मस्त! आता रोज फुल्ल करून ठेव." मला सांगायलाच नको होतं. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात मी वाढले. पिंप, बादल्या, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आम्हाला सवय. भरता येणारी वस्तू अर्धी ठेवली तर मला झोप लागत नाही. रात्रभर लावली, सकाळी बघते तर काठोकाठ. फार बरं वाटलं.

ह्यांना शेजारी बसवलं, पट्टा लावला, निघालो. फाटकाबाहेर उतार लागला, नेहमीसारखा पाय उचलला. गाडी हळू होईचना. समोरच्या पडद्यावर पिवळी कसलीतरी खूण लागली होती, ती काय सांगते हे मला कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. गाडी आपली सुटलीच. मी ब्रेक दाबला तर मागून असा खरखराट आला, की पत्र्यावर विळी घासावी. गाडी थांबायला बघत होती, पण थांबत नव्हती. खाली चौकात शाळेच्या मुलांची व्हॅन उभी. मी जीव खाऊन ब्रेक दाबला, स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी खोदकामाच्या मातीच्या ढिगात घुसली. ढिगाला लागून पेरूवाल्याची हातगाडी होती, तिला धक्का बसला. पेरू चौकभर.

कुणाला काही लागलं नाही. पण लोक जमले ना! आणि एकाने तरी विचारावं, गाडीला काय झालं? छे. "काकू, या वयात कशाला चालवता?" "पाय चुकला असणार, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला असणार." "घरात कुणी नाही का चालवणारं?" एक तर हेल्मेट हॅंडलला अडकवून उलट्या दिशेने आलेला दीड शहाणा मला वाहतुकीचे नियम शिकवायला लागला. तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडला नाही तो एकटा पेरूवाला. तो बिचारा पेरूच गोळा करत होता.

मुलगा धावत आला खराडीहून. एरवी महिनोन्‌महिने येत नाही, त्या दिवशी दुपारच्या आत हजर. पेरूवाल्याचं मिटवलं, गाडी ओढून वर आणवली, पुन्हा पार्किंगमध्ये लावली. मग सोफ्यावर बसून, लहान मुलीशी बोलावं तसं माझ्याशी बोलायला लागला. "आई, होतं असं. वयानुसार रिफ्लेक्स मंद होतात. तुझा पाय चुकला असणार."

"माझा पाय ब्रेकवर होता."

"तुला तसं वाटतंय."

तुला तसं वाटतंय! हे वाक्य मी कधी विसरणार नाही. पाय माझा, आणि तो कुठे होता ते याला खराडीत बसून माहीत. मी ह्यांच्याकडे बघितलं. शेजारी बसले होते ना हे! तर हे म्हणतात, "तो म्हणतोय तर राहू दे थोडे दिवस." मुलाने खुंटीवरची किल्ली काढली आणि खिशात घातली. "कॅब बोलवत जा," म्हणाला आणि गेला.

कॅब! कॅबवाले आमचा चढ नकाशात बघतात आणि रद्द करतात. एक यायचा, दुसऱ्या खेपेला चौघे रद्द करायचे. व्यायाम एक दिवस चुकला, मग दोन, मग ह्यांनीच कंटाळून "राहू दे" म्हणायला सुरुवात केली. काठी खुर्चीवरून पुन्हा हातात आली. मग काठी असूनही उठेनात. पलंगावरून उठताना मला हाक मारायला लागले, आणि हाक मारताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मला कुणाकुणाचा राग येत होता ते सांगता येणार नाही. मुलाचा, कॅबवाल्यांचा, ह्यांचा, त्या हेल्मेटवाल्याचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाच माझी खात्री वाटेनाशी झाली. भाजी चिरताना मी उजवा पाय हलवून बघायचे. चुकला असेल का? खरंच चुकला असेल?

एके सकाळी मोलकरीण पिंप भरत होती. नळ चालू ठेवून ती फोनवर बोलायला गेली आणि मोरीतून पाणी स्वयंपाकघरात. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, "अगं, भरलेल्या पिंपात आणखी पाणी..." आणि तिथेच थांबले. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जाईल कुठे? पाय उचलल्यावर गाडी हळू होते, कारण तयार झालेली वीज ती बॅटरीत ढकलते. बॅटरी काठोकाठ, वीज घ्यायला जागा नाही, मग गाडी हळू कशी होणार? ती पिवळी खूण हेच सांगत असणार. अहो, सातवीतल्या मुलीने सांगितलं असतं! आणि ब्रेक? वर्षभर न वापरलेलं, पावसात भिजलेलं लोखंड. ते गंजणार नाही तर काय सोन्याचं होणार? माझा पाय जागेवरच होता. मी मोरीशी उभी राहून मोठ्याने हसले, मोलकरणीला वाटलं बाई गेल्या कामातून.

पण पटल्यावर पुरावा पाहिजे. शाळेत मी मुलींना तेच शिकवलं, "करून बघा." दुसरी किल्ली ह्यांच्या कपाटात होती. मुलगा तेवढं विसरला होता, किंवा त्याला वाटलं असेल, आई काय आता हिंमत करतेय. मी ह्यांच्याकडे किल्ली मागितली. सगळं समजावलं, पिंप, बॅटरी, गंज. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मी त्या दिवशी तुझा पाय बघितला नव्हता गं. मी समोर व्हॅन बघत होतो. मला खरंच माहीत नव्हतं." एवढं तरी म्हणाले. किल्ली दिली, पण अट घातली, की हेही बरोबर येणार.

"आणि पुन्हा घुसले तर?"

"मग दोघं घुसू."

भल्या पहाटे, रस्त्यावर कुत्रं नसताना, फाटकाबाहेरचा पहिला छोटा उतार तेवढा उतरायचं ठरवलं. पुढे रस्ता सपाट आहे, तिथे गाडी आपली आपणच थांबते. गाडी तशीच भरलेली उभी होती. मुंगीच्या पावलाने सोडली, पाय उचलला. तीच पिवळी खूण. गाडी घरंगळत निघाली. ब्रेक दाबला, मागून तोच खरखराट, ह्यांनीही ऐकला. सपाटीला आलो, थांबलो. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा पाय ब्रेकवर आहे." मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्या खांद्यावर हात मारला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगा. "आई! गाडी कुठे निघाली?" झोपेतून उठलेला आवाज, घाबरलेला. गाडी हलली की त्याच्या फोनवर सूचना जाते म्हणे! मी इतके दिवस बाजारात, डॉक्टरकडे, बहिणीकडे कुठे कुठे जात होते, ते सगळं हा घरबसल्या बघत होता आणि मला पत्ता नाही. मी म्हटलं, "कुठे नाही निघाली. शनिवारी घरी ये आणि तूच चालव."

शनिवारी आला, तोंड वाकडं करूनच. गाडी मी पुन्हा काठोकाठ भरून ठेवली होती. मी त्याला त्याच उतारावर स्टिअरिंगपुढे बसवलं. आधी सांगितलं सगळं, ब्रेकवर पाय तयार ठेव म्हटलं, हळू सोड म्हटलं. तो "हो आई, हो आई" करत होता, म्हणजे ऐकत नव्हता. पाय उचलला आणि गाडी हळू होईना, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दणकन ब्रेक दाबला, मागून खरखर. सपाटीला थांबल्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसला.

"तुझा पाय चुकला का रे?" मी विचारलं. विचारणारच होते.

"नाही."

"तुला तसं वाटतंय."

मग मी म्हटलं, वर्ष झालं, या गाडीची सर्व्हिसिंग कधी करायची असते, हे कंपनी कुणाला कळवते? त्याने फोन काढला, शोधायला लागला. कंपनीचे संदेश एकाखाली एक पडलेले. सर्व्हिस बाकी आहे. ब्रेक तपासून घ्या. टायरची अदलाबदल करून घ्या. उघडलेलासुद्धा एक नाही. "मला वाटलं, जाहिराती आहेत," तो म्हणाला. "इलेक्ट्रिकला सर्व्हिस नसते ना, म्हणून मी बघितलेच नाहीत." मी त्याला रस्त्यातच काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फाटकावरचा वॉचमन तोंड फिरवून उभा होता.

तिथूनच गाडी उचलून सर्व्हिस सेंटरला पाठवली आणि मी नि मुलगा मागोमाग त्याच्या गाडीतून गेलो. तिथला टेबलावरचा माणूस मुलाशी बोलणार, मी विचारणार, तो उत्तर मुलाला देणार. "सर, चारी ब्रेकच्या डिस्क गंजल्यात, मागचे कॅलिपर तर जाम झालेत. सर, अधूनमधून ब्रेक वापरत जा. सर, उतारावर राहता तर बॅटरी पूर्ण भरू नका, थोडी जागा ठेवा. सर, ब्रेक ऑइल आणि कूलंट पण बघायला लागतं." मी टेबलावर हात आपटला. "अहो, गाडी मी चालवते. इकडे बघून बोला की!" तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे सगळं गाडी देताना सांगायला काय झालं होतं?" तर म्हणतो, "मॅडम, मेसेज जातात की. रजिस्टर्ड नंबरवर."

"मग तो नंबर बदला. माझा लावा."

"आधीच्या नंबरवर कोड येईल मॅडम, तो सांगावा लागेल."

मुलाच्या फोनवर कोड आला. त्याने बघितला आणि फोन छातीशी धरला.

"सांग की," मी म्हटलं.

"आई, नंबर बदलला तर ॲप तुझ्याकडे जाईल."

"म्हणूनच बदलतेय."

"मग मला गाडी दिसणार नाही." मान खाली घालूनच बोलत होता. "मी रोज बघतो आई. मीटिंगमध्ये असलो तरी बघतो. नकाशावर तुमचा ठिपका स्वारगेटला गेला, परत वर आला, की मला बरं वाटतं. आता मला कसं कळणार, तुमचं ठीक चाललंय की नाही ते?"

मला त्याची दया यायला हवी होती. आलीही असेल, पण रागाच्या खाली कुठेतरी. मी म्हटलं, "किल्ली नेलीस तेव्हापासून तो ठिपका पार्किंगमध्ये उभा आहे. तुला फारच बरं वाटलं असेल. त्याच्या थोडेच दिवस आधी तुझे बाबा हॉलपासून गॅलरीपर्यंत काठीशिवाय चालत गेले होते. आज त्यांना पलंगावरून उठवायला मी लागते. हे दिसलं का तुझ्या ठिपक्यात?"

त्याने मान वर केली.

"काठीशिवाय?" म्हणाला. "बाबा काठीशिवाय चालले? मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

टेबलापलीकडचा माणूस कीबोर्डवर बोटं ठेवून थांबला होता. मुलाने फोन वर धरला आणि कोड वाचायला सुरुवात केली. सुरुवातीचे आकडे वाचले, पुढचे त्याला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेनात. मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि उरलेले मीच वाचून दाखवले.